उजव्या कोनाड्यातलं बालक

आमची कंदीलवाली बाई डाव्या कोनाड्यातली की उजव्या, हा प्रश्न मी सरकारी कचेरीला विचारायला नको होता. हे शहाणपण मला मागाहून सुचलं असं कुणी समजू नये. त्याच दिवशी चार वेगवेगळ्या माणसांनी मला तो सल्ला फुकट दिला होता. पण मी मुद्रितशोधक आहे. तीस वर्षं लोकांच्या चुका शोधून पोट भरतोय. माझ्याच घराच्या तोंडावर एक चूक दगडात बसवली जाणार आणि ती येता-जाता बघत मी जगणार, हे माझ्या हातून होण्यासारखं नव्हतं.

घर जुनं, तीन मजली, रस्त्याला लागून. दर्शनी भिंतीला पोट आलं म्हणून ती उतरवून, होती तशीच पुन्हा उभी करायची अशा अटीवर आम्हाला परवानगी मिळाली होती. पहिल्या मजल्यावर छोटासा सज्जा, सज्जाच्या दाराच्या दोन्ही अंगांना एकेक कोनाडा, आणि त्यांतल्या एकात ही दगडी बाई. हातात कंदील, नाकाचा शेंडा उडालेला, चेहऱ्यावर 'आता या वेळी कोण आलं?' असा भाव. ऐतिहासिक शिल्प म्हणून तिची सरकारदरबारी नोंद होती. आमच्या अख्ख्या घराण्यात असा मान मिळालेली ती एकटीच.

भिंत होईपर्यंत आम्ही एका सुताराच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको आणि माझे वडील. बाई पण आमच्याबरोबरच. ठेकेदार म्हणाला, "साहेब, माझ्याकडून घमेली चोरीला जातात. ही तर बाईमाणूस." म्हणून चौदा महिने ती आमच्या दाराशी जुन्या चादरीत गुंडाळून उभी होती. बायको तिच्या कंदिलावर छत्री अडकवायची. घरमालक एकदा अंधारायच्या सुमाराला आले, चादरीला धडकले, 'माफ करा' म्हणाले, आणि मग सावध होऊन मला म्हणाले, "करारात तीन माणसं लिहिलीत. ही चौथी कोण?"

तर ती वर चढवायचा दिवस उजाडला. क्रेन आली, गल्ली अडली, लोक जमले. पाथरवटानं तिला दोराच्या झोळीत घातलं आणि उजव्या कोनाड्यात नेऊन उभं केलं. कारण विचारलं तर म्हणाला, क्रेनचा हात तिकडं सहज पोचतो.

समोर औषधवाल्यांच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बाबा बसले होते. बाबा एक्याऐंशी वर्षांचे, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. ते तिथूनच म्हणाले, "डावीकडं होती."

"उजवीकडंच होती," बायको म्हणाली. "मी रोज फडकं मारायचे तिच्यावर."

"तू आतून मारायचीस. आतून उजवी ती बाहेरून डावी."

"पण मी सज्जात उभी राहून घराकडं तोंड करून मारायचे ना!"

यावर बाबांनी हवेत बोटानं घराचा नकाशा काढला, त्यात दिशा घातल्या, आणि तो नकाशा पाहून क्रेनवाल्यानं क्रेन हलवली. त्याला ती खूण वाटली. बाई पुन्हा अधांतरी झाली.

आता पन्नास वर्षं ज्या घरात काढली त्या घरावरची मूर्ती कुठल्या बाजूला होती हे मला आठवू नये, याचं कुणालाही नवल वाटेल. पण रोज दिसणारी गोष्ट माणूस बघतो कधी? घराचा फोटो काढायला रस्त्यावर जावं हे आमच्या घरात कुणाला सुचलं नव्हतं. पाडण्याआधी ठेकेदारानं फोटो काढले होते, ते त्याच्या फोनसकट काँक्रीटमध्ये गेले. बहुधा आमच्या तिसऱ्या मजल्याच्या तुळईत असतील.

औषधवाले म्हणाले, "कुठंही ठेवा हो. कोण बघतंय?" ठेकेदार म्हणाला, "दोन्हीकडं छानच दिसते." इस्त्रीवाला म्हणाला, "विचारू नका साहेब. विचारलं की उत्तर येतं." बायकोनं फक्त माझ्या खिशातल्या पेनाकडं बघितलं. हा चौथा सल्ला.

मी त्याच संध्याकाळी वारसा जतन विभागाला पत्र लिहिलं. सुंदर पत्र होतं ते. एकही खाडाखोड नाही.

उत्तर नवव्या दिवशी आलं. इतक्या लवकर सरकारी उत्तर येतं तेव्हाच माणसानं समजून घ्यावं. त्रेचाळीस वर्षांपूर्वी विभागानं शहरातल्या जुन्या घरांची पाहणी केली होती, त्या नोंदवहीतला उतारा सोबत जोडला होता. तो मी इथं जसाच्या तसा देतो, शुद्धलेखनाची जबाबदारी माझी नाही:

'मुर्ती क्र. १. डावा कोनाडा. कंदीलधारी स्त्री. काळा दगड. कारागिरी उत्तम.

मुर्ती क्र. २. उजवा कोनाडा. खांद्यावर गोल (पृथ्वि असावी) पेललेले बालक. दगड मळकट. एका पायातील मोजा गळलेला दाखवला आहे. चेहऱ्यावरील भाव मंद. कारागिरी सामान्य, शिल्पकार नवशिका असावा.'

खाली विचारणा: मूर्ती क्र. २ सध्या कुठे आहे याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा. तोपर्यंत पूर्णत्वाचा दाखला रोखण्यात येत आहे.

दाखला नाही म्हणजे नळजोड नाही, वीज नाही, घरात पाऊल नाही. आणि सुताराच्या वरच्या खोल्या आम्हाला महिनाअखेरीला सोडायच्या होत्या, कारण घरमालकांची मुलगी यायची होती. बाबांना एव्हाना त्या करवतीच्या आवाजात झोप लागेनाशी झाली होती. ते दुपारभर बसून असायचे आणि विचारायचे, "कधी जायचं रे घरी?" मी म्हणायचो, "या आठवड्यात." मी ते सलग सात आठवडे म्हटलं होतं.

तरीही मी डगमगलो नाही. चूक माझी नव्हती, आणि चूक नसलेला माणूस किती शांत असतो हे मला त्या कचेरीला दाखवायचं होतं. मी ते पत्र घेतलं, लाल पेन्सिलीनं दोन्हीकडची 'मुर्ती' दीर्घ केली, 'पृथ्वि' दीर्घ केली, समासात नीट खुणा केल्या, आणि खाली लिहिलं, 'दुरुस्त्या पाहाव्यात.' मग पत्र परत पाठवलं. बाई डावीकडं, म्हणजे उजव्या कोनाड्यात कधीच काही नव्हतं, रिकाम्या कोनाड्यात आम्ही केरसुणी ठेवायचो, हे मी समक्ष जाऊनच सांगणार होतो.

समक्ष गेलो. अधिकारी बाई माझ्यापेक्षा वीसएक वर्षांनी लहान, बोलायला अतिशय मऊ. समोर माझं लाल खुणांचं पत्र.

"तुम्ही मजकूर तपासलात," त्या म्हणाल्या.

"तपासला."

"चुका दुरुस्त केल्यात."

"तीन होत्या," मी नम्रपणे म्हणालो.

"म्हणजे बाकीचा मजकूर बरोबर आहे."

तीस वर्षांत माझ्या कामाचा असा अर्थ कुणी काढला नव्हता, आणि दुर्दैवानं तोच बरोबर अर्थ होता. जे मी दुरुस्त करत नाही ते बरोबर आहे, याच बळावर मी आजवर पगार घेत आलोय.

"मूर्ती होती हे तुम्हाला लेखी मान्य आहे," त्या म्हणाल्या. "दीर्घ मू सकट. आता ती कुठे गेली तेवढंच सांगा. ऐतिहासिक शिल्प परस्पर विकणं हा गुन्हा आहे, हे मी फक्त माहितीसाठी सांगते."

दोन दिवसांनी पंचनामा झाला. मला त्याचं काही वाटत नव्हतं. गल्ली माझी, माणसं माझी. पन्नास वर्षांच्या शेजाऱ्यांना त्या कोनाड्यातली केरसुणी माहीत नसेल?

अधिकारी बाईंनी औषधवाल्यांना विचारलं, "तिथं एखादं बालक होतं का?"

"होतं की!" औषधवाले म्हणाले. "गोंडस! मी दुकान उघडलं की आधी त्याच्याकडं बघायचो, मग कुलूप काढायचो."

मी म्हणालो, "अहो, दुकान उघडण्याआधी बघायचात की नंतर?"

"तुम्ही मध्ये बोलू नका," बाई म्हणाल्या.

इस्त्रीवाला म्हणाला, त्या गोलावर कबुतरं बसायची, आणि घाण त्याच्या टेबलावर पडायची. शेजारच्या घरातल्या निवृत्त मास्तरीणबाई तर गहिवरल्या. "पंखांचं पीस न् पीस कोरलेलं होतं हो! किती वेळा म्हटलं यांना, जपा म्हणून." नोंदीत पंख नव्हते, पण बाईंनी पंखही लिहून घेतले. खोटं कुणीच बोलत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढं ते बालक खरोखर उभं राहत होतं. तिसऱ्या साक्षीनंतर मलाही ते अंधूक आठवायला लागलं.

सगळे गेल्यावर औषधवाल्यांनी मला दुकानाच्या आतल्या अंगाला घेतलं आणि हळूच विचारलं, "आपल्यात म्हणून विचारतो. कुणाला दिलंत?"

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा जरा खचलो. जरा म्हणजे जेवलो, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. विभागानं नोंदीबरोबरच्या चित्राची प्रत दिली होती, ती मी टेबलावर टाकली. पाहणी करणाऱ्या गृहस्थांनी पेन्सिलीनं काढलेलं चित्र. बायकोनं ते दिव्याखाली धरलं, लांब केलं, जवळ घेतलं.

"हे गुडघे तुमचे आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"गुडघे. आतल्या बाजूला वळलेले. आणि हा मोजा. अजूनही तुमचा डावाच गळतो. उठा, बघा."

मी उठलो. डावा मोजा घोट्याशी होता.

आणि मग ते सगळं एकदम आठवलं. मी नऊ वर्षांचा होतो. बाबांच्या टेबलावर पृथ्वीचा गोल होता, आणि पृथ्वीवर तीन भाग पाणी आहे असं बाबांनीच शिकवल्यामुळं मी तो घंगाळात बुडवला होता. वरचा कागद सुटला. महासागर आधी गेले, मग खंड. बाबा आले तेव्हा पाण्यात देशांचा लगदा तरंगत होता आणि माझ्या हातात पांढराफटक पुठ्ठ्याचा चेंडू होता. ते ओरडले नाहीत, कधीच ओरडायचे नाहीत. त्यांनी मला सज्जात नेलं, केरसुणी बाजूला केली, रिकाम्या कोनाड्यात उभं केलं आणि तो गोल माझ्या खांद्यावर ठेवला. "मी सांगेपर्यंत उतरायचं नाही. हलायचं तर नाहीच." मी हललो नव्हतो.

म्हणजे समोरच्या फुटपाथवर बसून नोंदी करणाऱ्या त्या गृहस्थांनी माझी नोंद केली होती. मी मूर्ती क्रमांक दोन होतो.

हा शोध लागल्यावर पहिल्या क्षणी मला आनंद झाला. दुसऱ्या क्षणी मी ते वर्णन पुन्हा वाचलं. भाव मंद. कारागिरी सामान्य. दगड मळकट.

"हसू नकोस," मी बायकोला म्हणालो. तिनं चित्र तोंडासमोर धरलं होतं, पण चित्र हलत होतं.

आता काम सोपं होतं. शिक्षा देणारा साक्षीदार शेजारच्या खोलीत बसला होता. मी चित्र घेऊन गेलो. बाबांनी चष्मा लावला, पुष्कळ वेळ बघितलं, आणि चष्मा काढला.

"मला नाही आठवत असं काही."

"बाबा, घंगाळ. पृथ्वी. खंड सुटले होते."

"गोल खराब झाला होता एकदा. दमटपणानं."

"तुम्ही मला कोनाड्यात उभं केलं होतं!"

"मी?" बाबा म्हणाले. "छत्तीस वर्षं शिकवलं मी. एका मुलाला बाकावर उभं केलं नाही. विचार कुणालाही."

विचारायची गरज नव्हती. हे सगळ्या शहराला ठाऊक होतं. अजून रस्त्यात टक्कल पडलेली माणसं थांबून त्यांच्या पाया पडतात आणि मला सांगतात, "सरांचा कधी आवाज चढला नाही हो! तुम्ही भाग्यवान." मी त्यांच्याकडं बघून भाग्यवानासारखा हसतो. आता त्याच सरांना मी कचेरीत उभं करून 'मी पोराला शिक्षा केली' असं म्हणायला लावणार होतो. बाबा आडवे झाले आणि त्यांनी भिंतीकडं कूस वळवली. खालून करवतीचा आवाज येत होता. मी दिवा मालवून बाहेर आलो.

सुनावणी सोमवारी अकराला होती. घर बाबांच्या नावावर असल्यामुळं त्यांना यावंच लागलं. आले, पण 'मी सही करीन, बोलणार नाही' या अटीवर. कचेरीत अधिकारी बाई होत्या, आणि त्यांच्या शेजारी जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक वृद्ध गृहस्थ ताठ बसले होते. पाहणी करणारे ते हेच. मुद्दाम बोलावून घेतले होते.

मी उभा राहून निवेदन केलं. मुद्देसूद, क्रमवार. पृथ्वी कशी धुतली इथपासून मोजा कसा गळतो इथपर्यंत. शेवटी पँट जराशी वर करून मोजाही दाखवला. माझ्या मते ते निवेदन अत्यंत परिणामकारक होतं. बाईंनी लिहिणं थांबवलं, हे मी त्याचंच लक्षण धरलं.

वृद्ध गृहस्थ म्हणाले, "पन्नास वर्षं मी दगड बघतोय. दगड कुठला आणि माणूस कुठला हे मला कळत नाही असं म्हणणं आहे का यांचं?"

"तसं नाही," मी म्हणालो, "पण तुम्ही रस्त्याच्या पलीकडं होता."

"पलीकडं असलो म्हणून काय झालं? जिवंत मूल असतं तर चेहऱ्यावर काही हालचाल दिसली असती. मी मुद्दाम निरखून बघितला तो चेहरा. अहो, काहीच नव्हतं त्यात! डोळ्यांत बुद्धीचा अंश नाही. तोंड उघडं. एखाद्या मंदबुद्धी मुलाचा..."

"कोण मंद?"

आवाज बाबांचा होता. चढलेला. मी बावन्न वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

बाबा खुर्चीचा हात धरून उठले होते. "कोण मंद म्हणालात? पृथ्वीवर पाणी किती हे पोरानं करून बघितलं. वर्गातल्या चाळीस मुलांपैकी एकानं बघितलं नव्हतं. वयाच्या नवव्या वर्षी! आणि तुम्ही रस्त्यापलीकडं बसून लिहिता, भाव मंद? माझा मुलगा आहे तो. मी उभा केला होता त्याला तिथं. मी. लिहा. शिक्षा म्हणून उभा केला होता, आणि तो उभा राहिला, कारण मी सांगितलं होतं. लिहून घ्या, बाई."

बाजूच्या टेबलावरचा शिक्का मारणारा कारकून हात वर धरूनच थांबला.

वृद्ध गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. "पण साहेब," ते म्हणाले, "मी दीड तास काढत होतो ते चित्र. आधी बाई, मग ते बालक. दीड तासात ते एकदाही हललं नाही हो. म्हणून..."

"दीड तास?" बाबा म्हणाले, आणि हळूच खाली बसले.

मला मात्र आता विजय स्पष्ट दिसत होता. "तर मग," मी म्हणालो, "मूर्ती क्रमांक दोनची नोंद खोडायला हरकत नसावी."

"नोंद खोडता येत नाही," अधिकारी बाई म्हणाल्या.

"पण मूर्ती नव्हतीच!"

"नोंदवहीत नव्यानं लिहिता येतं, काढता येत नाही. नियम आहे. तुमचं काम असंच असतं ना? छापून गेलेलं खोडता येतं का?"

मी म्हणालो, "शुद्धिपत्र देता येतं."

बाईंनी माझ्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. मला वाटतं, पहिल्यांदाच आदरानं. मग त्यांनी पेन घेतलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'मूर्ती क्र. २ सजीव असल्याचे सुनावणीत आढळले. ती मालकाच्याच कुटुंबात असून तिची विक्री अथवा स्थलांतर झालेले नाही. वर्णनातील "भाव मंद" हे शब्द मालकाच्या हरकतीवरून मागे घेण्यात येत आहेत.' मूर्ती दीर्घ होती. मी बघितलं.

"फक्त एक राहिलं," त्या म्हणाल्या. "दाखल्याला दर्शनी भिंतीचा फोटो लागतो. दोन्ही मूर्ती आपापल्या जागी दिसायला हव्यात."

"दोन्ही?"

"एकदाच. फोटो लागला की फाइल बंद. कुणी विचारणार नाही."

वृद्ध गृहस्थ दारापर्यंत आमच्याबरोबर आले. "कारागिरी सामान्य," ते मला म्हणाले, "तेही काढायला सांगू का?" मी म्हणालो, राहू द्या. मोठ्या मनानं म्हणालो. घरी आल्यावर बायको म्हणाली, ते काढून घ्यायला हवं होतं, कारण ते सासूबाईंवर येतं.

गुरुवारी सकाळी विभागाचा छायाचित्रकार आला. बाई डाव्या कोनाड्यात विराजमान झाली होती. उजवा कोनाडा पाच फुटांचा, आणि मी साडेपाच. नऊ वर्षांच्या वयात जिथं ऐसपैस जागा होती तिथं मी आता मान मोडून, गुडघे वाकवून, पोट आत घेऊन कसाबसा मावलो. खाली रस्त्यावरून अधिकारी बाई म्हणाल्या, "छान! पृथ्वीच्या भारानं वाकल्यासारखं दिसतंय. पृथ्वी कुठाय?"

पृथ्वीचा विचार कुणीच केला नव्हता. बायको पिशवी घेऊन कोपऱ्यावर गेली आणि एक भलंमोठं कलिंगड घेऊन आली. मी म्हणालो, "हे काय?" ती म्हणाली, "फुटबॉल मिळाला नाही." बाबा सज्जात खुर्चीवर बसले होते. त्यांनी कलिंगड हातात घेऊन फिरवून बघितलं, देठाकडून बुडापर्यंत गेलेल्या हिरव्या रेघांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "रेखावृत्तं बरोबर आहेत." मग ते माझ्या खांद्यावर ठेवण्यात आलं.

गल्ली लोटली होती. औषधवाले दुकान सोडून आले होते. मास्तरीणबाई शेजारणीला म्हणाल्या, "पूर्वी पंख होते." छायाचित्रकार तिपाई इकडून तिकडं नेत होता. त्याला उन्हाची सावली हवी तशी पडत नव्हती. "हलू नका," तो ओरडला. "अजिबात हलू नका. जरा वेळ लागेल."

मी हललो नाही. नजर समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर लावून ठेवली. बायको खाली गेली होती. सज्जात आम्ही दोघंच होतो, मी आणि बाबा. ते मला दिसत नव्हते, माझ्या उजव्या कोपराच्या पलीकडं कुठंतरी त्यांची खुर्ची होती.

"ऐक," बाबा म्हणाले. "बोलू नकोस. फोटो बिघडेल."

मी नजर टाकीवरच ठेवली.

"पाच मिनिटांचीच शिक्षा होती ती. मोजून पाच. तुला उभं केलं आणि मी आत वर्तमानपत्र घेऊन बसलो. आदल्या रात्री पेपर तपासत जागलो होतो. डोळा लागला माझा."

खाली छायाचित्रकारानं तिपाई पुन्हा हलवली. माझ्या खांद्यावरून एक कळ मानेकडं निघाली होती.

"जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. बाहेर येऊन बघतो तर तू तसाच. मोजा गळलेला, तोंड उघडं. मला वाटलं अर्धा तास झाला असेल. मी स्वतःला तेवढंच सांगत आलो, अर्धा तास. परवा ते गृहस्थ म्हणाले तेव्हा कळलं. त्या दिवशी मी तुला म्हणालो, 'अजून इथंच?' वर चिडलो. तुझ्या आईलाही सांगितलं नाही कधी. शिक्षा केली हे मी कुठंही कबूल केलं असतं रे. विसरलो, हे कबूल करवत नव्हतं."

मला त्यांच्याकडं बघायचं होतं. पण मूर्तीला मान वळवता येत नाही.

"कितीदा वाटलं सांगावं," बाबा म्हणाले. "पण तुझ्याशी बोलायला लागलं की तू मध्येच चुका काढतोस. म्हटलं, आज बरा सापडलाय."

"झालं!" खालून छायाचित्रकार ओरडला. अधिकारी बाईंनी हात वर करून फाइल हलवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, औषधवाल्यांनी शिट्टी मारली. दाखला मिळाला होता. त्या संध्याकाळी आम्ही सामान हलवणार होतो. मला हे सगळं ऐकू येत होतं, आणि तरीही मी कोनाड्यातून निघालो नाही. का ते मला नीट सांगता येणार नाही. गुडघे अडकले होते हे त्यातलं एक कारण.

बाजूला खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाबा कठड्याला धरत माझ्यासमोर आले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

"उतर आता," ते म्हणाले, आणि कलिंगड माझ्या खांद्यावरून स्वतःच्या छातीशी घेतलं. त्या वजनानं ते जरा वाकले. मी बाहेर येऊन त्यांना धरलं.

"जड आहे रे," बाबा म्हणाले.